खान्देशात सुट्टीला आलेल्या लहानग्यांना घेऊन हॉटेलात जेवताना

परदेशात वाढणाऱ्या दोन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आलात, की पहिल्या आठवड्यातच शेवभाजीचा बेत ठरतो. तिथे वेटरला "कमी तिखट करा" एवढं सांगून काम भागत नाही. तो "हो" म्हणतो आणि मनापासूनच म्हणतो, पण रस्सा आधीच तयार असतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला यांचं वाटण मोठ्या पातेल्यात शिजलेलं असतं. ऑर्डर आल्यावर त्यात फक्त शेव पडते. शिजलेलं तिखट बाहेर काढता येत नाही.

मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून वरची तर्री काढली की रस्सा थोडा सौम्य होतो, पण दोन वर्षांच्या मुलाला तोही झेपत नाही. तोंड भाजलंच तर पाणी पाजून उपयोग नाही. दोन चमचे दही किंवा घोटभर गार दूध द्या, दुधातल्या प्रथिनांमुळे जळजळ लवकर उतरते.

म्हणून मुलांचं ताट मसाला न लागलेल्या पदार्थांचंच लावा. ऑर्डर देताना नेमकं बोला: "दाल फ्राय नको, फोडणी द्यायच्या आधीचं वरण एक वाटी काढून द्या." बहुतेक हॉटेलांत डाळ शिजवून ठेवलेली असते आणि फोडणी ऑर्डरनुसार पडते, त्यामुळे ही मागणी सहज पुरी होते. सोबत साधा भात, तूप आणि दही घ्या. दही त्याच दिवशीचं आहे का, ते विचारा. जिरा राईस मागवलात तर "हिरवी मिरची नको" हे वेगळं सांगा. ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असेल तर वरचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग कोमट दुधात कुस्करा. उकळतं दूध चहाच्या टपरीवर मिळतं, ते कोमट होऊ द्या.

वरण-बट्टी (बट्टी म्हणजे जाडसर कणकेचा गोळा) हा तर मुलांसाठी उत्तम पदार्थ, फक्त ती नीट कुस्करायला हवी. हॉटेलात बट्टी बहुधा उकडून, कापून तळतात. शेतात गोवऱ्यांवर भाजतात, तेव्हा तिचं कवच कडक होतं. ते कवच मोठ्यांनी खावं. आतला गर हाताने रव्यासारखा मोकळा करा, त्यावर अर्धी वाटी गरम वरण आणि एक चमचा तूप घाला आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. कण दोन बोटांत दाबल्यावर सहज चेपला, तर घास द्यायला हरकत नाही. घाईघाईत कोरडी बट्टी भरवली की ती टाळ्याला चिकटते आणि मूल घास बाहेर काढतं. मग ते नंतर तोंडच उघडत नाही. सोबत येणारी वांग्याची घोटलेली भाजी तिखट असते, ती मुलांच्या ताटात नको.

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असेल तर वेळ साधावी लागते. वांगी भाजून सोलली, की मिरची-लसूण ठेचून त्यात जाण्याआधी मूठभर गर बाजूला काढून घ्या. त्यात चिमूटभर मीठ आणि तूप पुरे. भरतातले अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर प्रश्न आचाऱ्यालाच विचारा. "भाजीत दाणे आहेत का?" असं विचारलं तर समोरचा अख्खे दाणे शोधतो आणि नाही म्हणतो. "वाटणात दाण्याचा कूट आहे का, तेल कोणतं आहे, याच कढईत आणखी काय तळता?" असं विचारा. उत्तर डळमळीत आलं तर त्या ठिकाणी मुलाला हॉटेलातलं काहीच देऊ नका. सीलबंद किंवा घरचंच द्या. ॲलर्जीचं इंजेक्शन पेन सोबत ठेवा, पण उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, उष्णतेने औषध बिघडतं. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर पेन लगेच द्या आणि 108 ला फोन करा.

टेबलावर बसताच ठेच्याची वाटी मोठ्यांच्या टोकाला सरकवा. लाल-हिरवं दिसलं की लहान हात तिथेच जातो आणि तोच हात डोळ्याला लागतो. तसं झालं तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवा. ढाब्यावर उंच खुर्ची क्वचितच मिळते. बाजेवर मूल भिंतीकडे आणि मोठा माणूस कडेला, असं बसा.

खान्देशातला मे महिना 43-44 अंशांचा. 32 अंशांच्या वर उघड्यावर तासभर राहिलेलं अन्न लहान मुलांना देऊ नये. म्हणून दुपारी बाराच्या आत, पहिल्या पंगतीला जा. चिरून ठेवलेली काकडी-कांदा, बर्फ, बर्फ घातलेला उसाचा रस टाळा. पाणी सीलबंद बाटलीतलं घ्या आणि बाटली आपणच उघडा. वेळेला फळ हवं तर जळगावची केळी रस्त्यात सगळीकडे मिळतात, साल न फाटलेलं पिकलं केळं निवडा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, कोणी प्रेमाने चाटवायला आलं तरी.

आजी-मामांचा "थोडं चाखू दे" हा आग्रह जेवताना तोडणं अवघड जातं. निघण्याआधी घरीच सांगा: "आजी, याला तुमच्या हाताने वरण-भात भरवा." भरवायचं काम हाती आलं की तिखटाचा आग्रह थांबतो.

पिशवीत मुलाचा चमचा, साबण आणि ओआरएसची पुडी हवी. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला पाहूनच घ्या. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने टाकली तर क्षारांचं प्रमाण चुकतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली 50 ते 100 मिली, त्यावर 100 ते 200 मिली. उरलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल पडलं, तर लगेच डॉक्टरकडे न्या.