या चुका टाळा: मोशन फिटनेस गेमला तुमचं अख्खं शरीर दिसत नाही

रिंग फिट अॅडव्हेंचर हा अंग हलवून खेळायचा व्यायामाचा व्हिडिओ गेम सुरू करून दहा दिवस झाले आणि माझी कंबर धरली. पडद्यावर मात्र जवळजवळ प्रत्येक स्क्वॉटला 'ग्रेट' असा शेरा मिळत होता. आमच्याच इमारतीत एक फिजिओथेरपिस्ट ताई राहतात. त्यांनी मला खेळासमोर उभं करून चार बैठका मारायला लावल्या, आणि तिसरीलाच म्हणाल्या, "अगं, पाठ बघ किती वाकलीये. गुडघे आत पडतायत. याला ग्रेट कोण म्हणतंय?"

म्हणत होती माझ्या डाव्या मांडीला बांधलेली वस्तू. तिला तेवढंच दिसत होतं.

या खेळांची तुलना करताना लोक ग्राफिक्स, गाणी, किंमत असं सगळं विचारतात. मला पहिला प्रश्न वेगळा वाटतो: या खेळाला माझ्या शरीराचा कोणता भाग कळतो? त्याचं उत्तर माहीत असलं की कोणता खेळ घ्यायचा ते ठरतं, बिघाड कुठे शोधायचा ते समजतं आणि दुखापतीही बऱ्याच टळतात.

कुणाला काय दिसतं

निन्टेंडो स्विच या गेम यंत्रावरच्या रिंग फिट अॅडव्हेंचरमध्ये (२०१९) उजवा जॉय-कॉन (स्विचचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर) रिंगमध्ये बसतो आणि डावा डाव्या मांडीवरच्या पट्ट्यात. रिंग किती दाबली, किती ताणली, कुठे वळवली आणि डावी मांडी किती उचलली वा वाकली, एवढं त्याला कळतं. पाठीचा कणा, उजवा पाय, मान यांचा त्याला पत्ताच नसतो. त्यामुळे त्यातलं वीरभद्रासन किंवा उत्कटासन चुकीचं करूनही पूर्ण गुण मिळू शकतात. फिटनेस बॉक्सिंगमध्ये दोन्ही हातांत एकेक जॉय-कॉन असतो, म्हणजे त्याला फक्त हात कळतात. पाय थिरकतायत की खांबासारखे उभे आहेत, हे त्याला थेट समजत नाही. जस्ट डान्स उजव्या हातातल्या जॉय-कॉनवरून किंवा फोनवरून गुण देतो. सोफ्यावर बसून नुसता उजवा हात हलवला तरी बरे गुण पडतात, हे घरातली मुलं पहिल्याच दिवशी शोधून काढतात. मेटा क्वेस्टसारख्या, डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटवर बीट सेबर हा तालावर ठोकळे कापायचा खेळ खेळताना डोकं आणि दोन्ही हात मोजले जातात. खाली वाकलात तर डोक्याची उंची बदलते म्हणून ते कळतं, पण गुडघ्यातून वाकलात की कंबरेतून, हे कळत नाही.

अख्खं शरीर पाहायचा खरा प्रयत्न एक्सबॉक्सच्या किनेक्ट कॅमेऱ्याने २०१० मध्ये केला होता. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. मला याची अजून हळहळ वाटते, कारण घरच्या व्यायामाला त्याच दिशेची गरज होती.

मग न दिसणाऱ्या भागाकडे लक्ष कोण देणार? मी फोन टीव्हीशेजारी न ठेवता माझ्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवून आठवड्यातून एकदा पाच मिनिटांचं चित्रण करते. समोरून पाठीचा बाक दिसत नाही, बाजूने लगेच दिसतो. आरसा त्यामानाने कमी उपयोगी, कारण नजर पडद्यावरच खिळलेली असते.

विकत घेतानाच होणाऱ्या चुका

जुन्या बाजारात रिंग फिटचं नुसतं कार्ड स्वस्तात दिसतं. मी एकदा फसले आहे. रिंग आणि पट्टा नसेल तर त्या कार्डाचा काही उपयोग नाही, म्हणून तिन्ही वस्तूंचे फोटो मागा. रिंग दाबल्यावर पडद्यावरची रिंगही दबते का, याचा व्हिडिओसुद्धा मागून घ्या.

स्विच लाइट घेणाऱ्यांची अडचण वेगळी. त्याचे कंट्रोलर निघत नाहीत आणि तो टीव्हीला जोडता येत नाही. जॉय-कॉनची जोडी आणि स्टँड वेगळा घ्यावा लागतो, आणि त्या छोट्या पडद्याकडे बघताना मान पुढे येते.

२०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर रिंग फिट चालतो, पण नव्या जॉय-कॉन २ सह नाही. ते चुंबकाने चिकटतात, रिंगच्या खाचेत बसत नाहीत. जुने जॉय-कॉन लागतातच. ते स्विच २ ला लावून चार्ज होत नाहीत, म्हणजे चार्जिंग ग्रिपचीही सोय हवी. जुनं यंत्र विकून नवं घेणाऱ्यांनी जुने जॉय-कॉन मागे ठेवावेत.

स्वस्तात मिळतो म्हणून जुना किनेक्ट घेणाऱ्यांसाठी: एक्सबॉक्स ३६० चा किनेक्ट एक्सबॉक्स वनला चालत नाही, आणि सिरीज एक्स किंवा एसवर कोणताच किनेक्ट चालत नाही. शिवाय एका माणसाला कॅमेऱ्यापासून साधारण सहा फूट आणि दोघांना आठ फूट मागे उभं राहावं लागतं. आपल्या हॉलमध्ये टीपॉय हलवल्यावर तेवढी जागा उरते का, ते टेपने मोजून बघा.

हॉलचा आखाडा करण्याआधी

दोन्ही हात पसरून एक पूर्ण गिरकी घ्या, मग चारही दिशांना एकेक मोठं पाऊल टाका. काही लागलं तर ते उचला. हेडसेटसाठी साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा हवी. हेडसेटमध्ये खेळाच्या जागेची सीमारेषा आखताना लोक ती सोफ्याच्या कडेपर्यंत खेचतात. तसं न करता हातभर आत आखा, कारण रेषा दिसेपर्यंत ठोसा सुटलेला असतो. खोलीचं दार लावून घ्या. हेडसेटमधल्या माणसाला रांगत आलेलं बाळ दिसत नाही.

आपल्या घरात धोका डोक्यावर असतो. हात वर ताणले किंवा हेडसेटमध्ये उडी मारली की चालत्या पंख्याची पाती जवळ येतात. खेळताना छताचा पंखा बंद करून बाजूला टेबल फॅन लावा. उकाडा सहन होतो, बोटांना बसलेलं पातं नाही.

गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळू नका. पातळ योगा मॅट आसनांना ठीक, पण जागच्या जागी धावताना ती सरकते आणि गोळा होते. जाड रबरी मॅट बरी. घरात चप्पल-बूट नको असतील तर एक जोड फक्त घरातच वापरायला ठेवा. सकाळी उठल्याउठल्या अनवाणी अर्धा तास फरशीवर धावून टाचा दुखवून घेतलेले दोघे माझ्याच ओळखीत आहेत.

खाली राहणाऱ्यांचं काय? रिंग फिटमध्ये सायलेंट मोड आहे. त्यात धावायच्या जागी गुडघे वाकवून पुढे जाता येतं. आवाज थांबतो, पण मांड्यांवरचा भार वाढतो हे लक्षात असू द्या. गुडघे कुरकुरत असतील तर रात्री सायलेंट मोडवर खेळण्यापेक्षा संध्याकाळी साध्या मोडवर खेळा.

आणि मनगटाचा पट्टा. निन्टेंडोचं वी हे जुनं गेम यंत्र आलं तेव्हा, २००६ च्या डिसेंबरमध्ये, निन्टेंडोला जवळपास ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले, कारण जुने तुटून रिमोट हातातून उडत होते. आज पट्टा मजबूत आहे, तो घालायचा कंटाळा आपण करतो. घामेजलेल्या हातातून फोन सुटतो तो बहुधा टीव्हीकडेच जातो, म्हणून जस्ट डान्स फोनवर खेळणाऱ्यांनी हाताला बांधायची पिशवी वापरावी. जॉय-कॉनला पट्टा चढवताना अधिक आणि उणे ही चिन्हं जुळवा. उलटा चढवलेला पट्टा असा अडकतो की काढताना घाम फुटतो.

"मी करतेय, पण मोजलं जात नाही"

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसून बांधण्यात असतं.

रिंग फिटमध्ये धावतोय पण पात्र रेंगाळतंय, तर आधी मांडीचा पट्टा बघा. घसरून गुडघ्याजवळ आला असेल तर मांडीचा कोन चुकतो. सैल, सुळसुळीत ट्रॅक पँटवरून तो हमखास घसरतो. घट्ट सुती लेगिंगवर किंवा शॉर्ट्स घालून थेट त्वचेवर बांधला की टिकतो. एक बोट आत जाईल इतकाच घट्ट बांधा. पायाला मुंग्या आल्या तर जास्त झाला.

रिंग दाबूनही नोंद होत नसेल तर उजवा जॉय-कॉन खट् आवाज येईपर्यंत आत सरकलाय का ते पाहा. अर्धवट बसलेला जॉय-कॉन हालचाल कळवतो, दाब कळवत नाही. त्यामुळे रिंग वळवली की पडद्यावर वळते, दाबली की काहीच होत नाही. ही खूण दिसली की आधी हेच तपासा. सुरुवातीला खेळ तुमची ताकद मोजतो, तेव्हा प्रामाणिकपणे दाबा. त्या वेळी कुणा धडधाकट माणसाने दाबून दिली असेल तर पुढचा प्रत्येक व्यायाम तुम्हाला जड जाणार.

पडद्यावरचं सगळं एका बाजूला कलत असेल तर जॉय-कॉन यंत्रापासून वेगळा करून सपाट टेबलावर ठेवा आणि सेटिंगमधल्या 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स' मध्ये जाऊन मोशन कंट्रोलचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवून घ्या. गादीवर किंवा हातात धरून केलेलं कॅलिब्रेशन निरुपयोगी. हालचाल मध्येच तुटत असेल तर डॉक (यंत्र टीव्हीला जोडणारं स्टँड) टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाला टेकून आहे का ते बघा. वायरलेस सिग्नल तिथे अडतो.

फिटनेस बॉक्सिंगचे ठोसे चुकत असतील तर कारण दोनपैकी एक असतं. पहिलं तुमच्याकडे: ठोसा खांद्यातून न जाता मनगटातून झटकला जातो, किंवा आधीचा हात हनुवटीजवळ परत यायच्या आतच दुसरा सुटतो. वेगळ्या ठोशांमधला फरक यंत्राला हाताच्या मार्गावरूनच कळतो, म्हणून हुक आडवा आणि अपरकट खालून वर असा स्पष्ट काढा. मात्र कोपर पूर्ण ताठ करून झटका देऊ नका. समोर पिशवी नाही, झटका थोपवायला काहीच नाही, तो सगळा कोपराच्या सांध्यावर येतो.

दुसरं कारण टीव्हीकडे. स्मार्ट टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतात आणि तेवढं ते उशिरा दिसतं. टीव्हीवर गेम मोड लावा. तरीही शंका असेल तर यंत्र डॉकमधून काढून टेबलावर उभं करा आणि तेच गाणं खेळा. तिथे ठोसे अचूक लागले तर दोष टीव्हीचा, तुमच्या तालाचा नाही. ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर आधी तो बंद करा, कारण त्याचा आवाज मागे पडू शकतो. शिवाय स्विचवर ब्लूटूथ आवाज चालू असताना दोनच कंट्रोलर जोडता येतात आणि जॉय-कॉनची जोडी म्हणजेच दोन. 'दुसरा खेळाडू जोडलाच जात नाही' यामागे अनेकदा एवढंच असतं.

जोर किती, कुठे थांबायचं

रिंग फिटमध्ये काठिण्य ३० पर्यंत जातं, आणि घरात दोघं खेळत असली की आकड्याची चढाओढ सुरू होते. तो आकडा प्रामुख्याने किती वेळा करायचं ते वाढवतो. दहाव्या बैठकीला ढासळणारी पाठ विसाव्या बैठकीला सावरत नाही. आधी बाजूने केलेलं चित्रण बघा, मग आकडा वाढवा. गुडघे, कंबर, खांदे दुखत असतील तर त्या भागाचा भार कमी करणारी सहाय्य सेटिंग आहे, ती चालू करायला लाजू नका. माझ्या आईने पहिल्या दिवसापासून चालू ठेवली आहे आणि ती माझ्यापेक्षा नियमित खेळते.

पडद्यावरचे कॅलरीचे आकडे बघून जेवण ठरवू नका. मांडी आणि हात यांवरून काढलेला तो अंदाज आहे. अंगठा जॉय-कॉनच्या सेन्सरवर ठेवून दिसणारे नाडीचे ठोके थांबल्यानंतरचे असतात, खेळ चालू असतानाचे नाहीत. त्यापेक्षा खेळताना बोलून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर जोर मध्यम आहे. चार शब्दांनंतर धाप लागली तर जास्त. छातीत दडपण, चक्कर किंवा हातात जाणारी कळ आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगतात. या मापाला लावून बघितलं की खेळांची तुलना सोपी होते. जस्ट डान्स आणि बीट सेबर पहिल्या भागात चांगले बसतात, स्नायूंच्या भागात फारसे नाहीत. फिटनेस बॉक्सिंग दम वाढवतो आणि खांदे कामाला लावतो, पण पाय मुद्दाम हलवावे लागतात. दोन्हीकडे थोडं थोडं पोहोचतो तो रिंग फिट. एकच घेणार असाल तर मी तोच सुचवेन, कंबरेची गोष्ट घडूनसुद्धा. हेडसेट व्यायामाची गोडी लावतो हे खरं, पण अर्धा किलोचं वजन चेहऱ्यावर आणि काचांवर घामाची वाफ, हे मे महिन्यात कठीण जातं. घ्याल तर पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण घ्या, आणि काचांवर ऊन पडू देऊ नका, त्याने आतला पडदा जळतो.

घामाकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. मांडीच्या पट्ट्यातून जॉय-कॉन काढून पट्टा हाताने धुवा, मशीनमध्ये टाकू नका. पावसाळ्यात तो रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी ओलसर लागतो. म्हणून आमच्याकडे पट्टा धुण्याचा वार बुधवार ठरला आहे, आणि गुरुवारी आई आणि मी फिटनेस बॉक्सिंग खेळतो. त्याला पट्टा लागत नाही.