गुडघ्याच्या कॉम्प्युटर मॉडेलमधला लिगामेंटचा तोल: या चुका टाळा

बडोद्यात सांधेरोपणावर प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा बहुतेक वेळ सीटी स्कॅनमधून हाडाचा आकार नीट काढण्यात जातो, आणि लिगामेंटचे (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे) आकडे शेवटी कुठून तरी उचलले जातात. गुडघ्याचा तोल मात्र त्या आकड्यांवरच ठरतो.

सगळ्यात महागात पडते ती शून्य-ताणाची लांबी, म्हणजे लिगामेंट सैल असतं तिथून ताणू लागतं ती लांबी. स्कॅनमध्ये ती दिसत नाही, म्हणून अनेकजण स्कॅनमधलीच लांबी शून्य-ताणाची धरतात. समजा, एमसीएल हे गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट 100 मिमी आहे आणि ताठरता 2750 न्यूटन (मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या वाढीमागे). नेहमीच्या सूत्रात 6 टक्के वाढीपर्यंत बल वर्गाच्या पटीत वाढतं. 4 टक्क्यांना ते सुमारे 37 न्यूटन येतं, 6 टक्क्यांना 82. लांबीत फरक फक्त 2 मिमी, बल दुपटीहून जास्त! बऱ्याच इम्प्लांटमध्ये (कृत्रिम सांध्यात) मधे बसणाऱ्या प्लास्टिकच्या इन्सर्टच्या लागोपाठच्या दोन मापांच्या जाडीतही एवढाच फरक असतो. म्हणून ही लांबी थोडी खालीवर करून उत्तर किती हलतं ते आधी पाहा. एकाच आकड्यावर विसंबून सर्जनला सल्ला देणं मला तरी मान्य नाही.

बल शंभर पट येतंय? एकक तपासा. वरचे 2750 हे 100 मिमी लांबीला मिलिमीटरमागे 27.5 न्यूटन होतात.

सांधा स्वतःहून उघडतोय? मॉडेलमध्ये लिगामेंट स्प्रिंगसारखं धरतात; पण स्प्रिंग दाबल्यावर ढकलते, लिगामेंट ढकलत नाही. सैल असताना बल शून्यच हवं.

एमसीएल सरळ रेषेत नडगीच्या हाडातून आरपार जातंय? ते कडेवरून वळवावं लागतं. ब्लँकेवोर्ट आणि हुइस्केस या संशोधकांनी 1991 साली हेच मॉडेलमध्ये घेतलं. झिजलेल्या गुडघ्यात वाढलेलं हाडाचं टोक त्याला तंबूसारखं उचलून धरतं. सर्जन ते टोक काढतो, ताण उतरतो. मॉडेलमध्ये ते तसंच ठेवलंत तर गुडघा आतून घट्टच दिसणार.

वाकवलेल्या गुडघ्यात दोन्ही बाजू सारख्याच घट्ट धरू नका. निरोगी गुडघ्यातही बाहेरची बाजू थोडी सैल असते.

आपल्याकडे पेशंटचा पहिला प्रश्न असतो, “मांडी घालता येईल ना?” तेव्हा गुडघा 90 अंश वाकेपर्यंतच जुळवलेलं मॉडेल 130 पर्यंत ताणून उत्तर देऊ नका. तेवढ्या वाकणीला मांडी आणि पोटरी एकमेकांना टेकतात, आणि ते बल तुमच्या मॉडेलमध्ये घातलेलं नसतं.