लँडर चॅलेंज: पेलोड वाचवायचाय? या चुका टाळा

अंडे फुटले की गटातले कोणीतरी लगेच म्हणते, "अजून थोडा स्पंज लावू." विद्यार्थ्यांच्या लँडर चॅलेंजमध्ये, म्हणजे उंचावरून सोडलेल्या छोट्या यानातले (लँडरमधले) अंडे न फुटता उतरवण्याच्या आव्हानात, मार्गदर्शक म्हणून उभी असते तेव्हा हे वाक्य मला हमखास ऐकू येते, आणि पुढचे सगळे प्रयत्न तिथूनच भरकटतात. कागद, पुठ्ठा, स्ट्रॉ, फुगे, चिकटपट्टी असे मोजके साहित्य, वजनाची मर्यादा, ठरलेली उंची आणि पेलोड, म्हणजे सुखरूप न्यायचा माल, म्हणून एक कच्चे अंडे, असा या आव्हानाचा नेहमीचा थाट. मुले विचारतात, आवरण किती मऊ हवे? विचारायला हवे ते असे: जमिनीला टेकल्यापासून पेलोड पूर्ण थांबेपर्यंत त्याला किती सेंटिमीटर मिळतात?

3 मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सुमारे 7.7 मीटर प्रति सेकंद असतो. तो 1 सेंटिमीटरमध्ये संपला, तर पेलोडला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी 300 पट झटका बसतो. 5 सेंटिमीटरमध्ये संपला, तर 60 पट. हिशेब अगदी साधा आहे, उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचे. चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरचे पाय मजबूत केले ते 3 मीटर प्रति सेकंद वेगाने टेकला तरी टिकावा म्हणून. तुमचे अंडे त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने खाली येते. हे आकडे फळ्यावर मांडले की मुलांची चर्चा एकदम बदलते. कापसाचा विषय मागे पडतो आणि पट्टी हातात येते.

गादी तळाला टेकते

सगळ्यात जास्त अंडी या चुकीने फुटतात. स्पंज जाड असतो, पण इतका मऊ की लँडर त्यात सहज रुततो. वेग फारसा कमी न होताच स्पंज पूर्ण दाबला जातो आणि उरलेला सगळा वेग कडक जमीन एका क्षणात संपवते. याच्या उलट चूक म्हणजे पुठ्ठ्याचे इतके भक्कम पाय की ते जराही चेपत नाहीत. बाहेरून लँडर शाबूत दिसतो, आतले अंडे मात्र फुटलेले असते. गटाला कळतच नाही काय बिघडले, कारण तुटलेले असे काहीच नसते!

म्हणून प्रत्येक चाचणीनंतर आधी पाय किंवा गादी पाहा. पूर्ण चेपून सपाट झाली असेल, तर ती फार मऊ होती. जशीच्या तशी असेल, तर फार कडक. उपलब्ध जाडीपैकी साधारण दोन तृतीयांश चेपली असेल, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. किती कडक हवी याचा ढोबळ अंदाज चाचणीआधीही घेता येतो. लँडरचे वजन 200 ग्रॅम, उंची 3 मीटर आणि चेपण्याचे अंतर 5 सेंटिमीटर असेल, तर रचना साधारण 12 किलोच्या भाराखाली चेपू लागली पाहिजे. सगळे पाय जोडलेला लँडर टेबलावर ठेवा आणि वर एकेक पुस्तक रचत जा. दोन-तीन किलोतच बसला, तर तो पडताना काही कामाचा नाही.

उसळणे म्हणजे वाचणे, हा गैरसमज

रबरबँड आणि फुगे ऊर्जा साठवतात आणि परत देतात. लँडर उसळतो, हवेत कलंडतो आणि दुसऱ्यांदा नेमका अशा बाजूवर आदळतो जिथे काहीच लावलेले नाही. चेपून तसेच राहणारे साहित्य ऊर्जा परत देत नाही. घडी घातलेला कागद, पन्हळी पुठ्ठा, कागदी नळ्या ही त्याची उदाहरणे. अपोलो मोहिमांत अंतराळवीरांना चंद्रावर उतरवणाऱ्या यानाच्या पायांमध्ये ॲल्युमिनियमची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना याच कामासाठी होती. ती एकदाच चेपायची, आणि तेवढेच तिचे काम.

मग 1997 साली मार्स पाथफाइंडर एअरबॅगवर मंगळावर उतरले ते कसे, असे कोणीतरी विचारतेच, आणि प्रश्न रास्त आहे. ते किमान 15 वेळा उसळले. पण त्याच्या चारही बाजूंना एअरबॅग होत्या, आणि थांबल्यावर यान कुठल्याही बाजूवर पडलेले असले तरी पाकळ्या उघडून सरळ होणार होते. उसळी घेऊ द्यायची असेल तर संरक्षण सर्व बाजूंनी हवे. फक्त तळाला फुगे लावून हे साधत नाही.

दुसरी टक्कर

लँडरची जमिनीशी टक्कर होते आणि क्षणभरानंतर अंड्याची लँडरशी. अंडे कपात सैल असेल, तर कप थांबला तरी ते त्याच वेगाने खाली जात राहते. म्हणजे तुम्ही मिळवलेले 5 सेंटिमीटर वाया जातात आणि अंडे कपाच्या बुडाशी मिलिमीटरभर अंतरात थांबते. ते सर्व बाजूंनी हलकेच धरलेले हवे आणि पाय चेपताना कपासोबतच खाली यायला हवे. चिकटपट्टीची एखादी घट्ट कड किंवा स्ट्रॉचे टोक एकाच बिंदूवर दाबत असेल, तर कवच तिथूनच तडकते. अंडे आडवे ठेवा, आडवे पडताना ते उभ्यापेक्षा जास्त धक्का शोषते.

पॅराशूटवर फार भिस्त

50 सेंटिमीटर व्यासाचे पॅराशूट पूर्ण उघडले, तर 200 ग्रॅमचा लँडर साधारण साडेचार ते पाच मीटर प्रति सेकंद वेगाने उतरतो. म्हणजे आदळण्याची ऊर्जा साधारण निम्म्याहून कमी होते, आणि हा फायदा मोठाच आहे. अडचण "पूर्ण उघडले" या शब्दांत आहे. 3 मीटर पडायला जेमतेम 0.8 सेकंद लागतात. घडी करून ठेवलेले कापड तेवढ्यात उघडत नाही, म्हणून नियमांत बसत असेल तर ते पसरूनच सोडा. दोऱ्या निदान पॅराशूटच्या व्यासाइतक्या लांब ठेवा. आखूड दोऱ्या कापडाच्या कडा आत ओढतात. लँडर लंबकासारखा झुलत असेल, तर मधोमध लहान छिद्र पाडा. आणि उतरायचे चंद्रावर आहे असे आव्हानात म्हटले असेल, तर पॅराशूट विसरा, तिथे हवाच नाही.

कलंडण्याबद्दल थोडक्यात: पेलोड खाली, पाय रुंद. उंच मनोऱ्यासारखा लँडर जराशा तिरक्या उतरणीने आडवा होतो.

चाचणीतल्या चुका

एका वेळी एकच गोष्ट बदला. पाय, दोऱ्या आणि कप तिन्ही एकदम बदलले की अंडे वाचले तरी कशामुळे ते कळत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत अंड्याऐवजी तेवढ्याच वजनाची मातीची गोळी ठेवा. रिकाम्या लँडरची चाचणी निरुपयोगी, कारण ऊर्जा वजनासोबत बदलते. चित्रण मोबाइलच्या स्लो मोशनमध्येच करा. 5 सेंटिमीटरचे चेपणे सुमारे 0.013 सेकंदात संपते. सेकंदाला 240 चित्रे घेतली तर त्यातली तीनच हाती लागतात, आणि साध्या चित्रणात बहुधा एकही नाही.

शेवटची चाचणी नेमक्या त्याच लँडरची, त्याच जोडणीत घ्या. 8 सप्टेंबर 2004 रोजी सौर वाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांचे, नमुने घेऊन परतणारी नासाच्या जेनेसिस मोहिमेची कुपी पॅराशूट न उघडता ताशी सुमारे 310 किलोमीटर वेगाने युटाच्या वाळवंटात आदळली. पॅराशूट उघडण्याचा इशारा देणारे स्विच रचनेच्या आराखड्यातच उलटे दाखवलेले होते, आणि ती चूक पकडू शकणारी चाचणी झालेली नव्हती. तरीही शास्त्रज्ञांनी मोडतोडीतून तुकडे जपून वेचले आणि त्यांतून उपयोगी नमुने मिळवले.

तुमच्या फुटलेल्या अंड्याचेही तसेच करा. फडके घेऊन धावण्याआधी लँडर जसा पडला तसाच राहू द्या. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या, प्रत्येक पाय किती चेपला ते पट्टीने मोजा आणि कवचाला पहिला तडा कुठे गेला ते शोधा. तडा खाली असेल तर गादीकडे पाहा, बाजूला असेल तर पकडीकडे, वर असेल तर उसळीकडे.