गावासाठी ॲप बनवताय? त्याने घरच्यांच्या जिवाला घोर लागणार नाही ना, ते आधी बघा

दोन वर्षांपूर्वी हर्णैच्या बाजूला आम्ही मच्छीमारांच्या घरच्यांसाठी एक छोटं ॲप केलं होतं, होडी कुठे आहे ते घरी नकाशावर दिसावं एवढंच त्याचं काम, ठिकाण खलाश्याच्या फोनवरून यायचं. होडी समुद्रात आत गेली की रेंज जाते हे आम्हाला चांगलं माहीत होतं, तरी रेंज गेली की ठिपका लाल आणि खाली 'संपर्क तुटला' असं लिहून मोकळे झालो. पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला एका खलाश्याची आई दारात उभी, फोन हातात गच्च धरलेला, म्हणते, "दादा, लाल झाली म्हणजे काय झालं?" काहीच झालं नव्हतं, रोजच्यासारखी मासेमारी चालली होती. त्या माऊलीची रात्र आम्ही खराब केली, आणि कोडमध्ये चूक एकही नव्हती.

म्हणून पहिलं काम हे करा, की स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द वाट बघत बसलेल्या माणसाच्या नजरेने वाचा. आम्ही लाल काढून राखाडी केला आणि लिहिलं, 'शेवटचं ठिकाण ६:४० ला मिळालं. इथून पुढे रेंज नसते. होडी उद्या सकाळी यायची आहे.' परतीची वेळ तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, निघतानाच भरतो. लाल फक्त ती वेळ बरीच टळली तर, आणि तेव्हा त्याच स्क्रीनवर मच्छीमार सोसायटीतल्या माणसाचा नंबर आणि कोस्ट गार्डचा १५५४. नुसती भीती दाखवून पुढे काय करायचं ते सांगायचं नाही, असं कधीच करू नका.

मानसशास्त्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा एक सिद्धांत आहे, माणूस बरा राहायला तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीने वागता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं जवळ असणं. प्रत्येक फीचर या तिन्हीवर घासून बघा.

मर्जीचा प्रश्न सगळ्यात जास्त नोटिफिकेशनमध्ये येतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवामानाचा इशारा, लागला तर फोन वाजलाच पाहिजे, मध्यरात्री असला तरी. पण 'नवीन फोटो आले' हे त्याच आवाजात वाजवलंत तर चार दिवसांत लोक आवाजच बंद करतील आणि बावटा पण जाईल. दोघांचे चॅनल वेगळे ठेवा, दुसरा सुरुवातीला बंदच असू दे, ज्याला पाहिजे तो चालू करेल. आणि ते 'सलग इतके दिवस' मोजणारं प्रकरण तर घालूच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, आधीच हातात पैसा नाही, त्यात ॲपने 'तुम्ही बरेच दिवस आला नाहीत' म्हणून टोचायचं?

लिलावाच्या भावांची यादी पण संपू द्या, खाली 'आजचे भाव एवढेच' असं स्पष्ट लिहा. न संपणारा स्क्रोल २००६ मध्ये डिझायनर एझा रास्किन यांनी बनवला, नंतर त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

जमतंय का ते ऑफिसात बसून कळत नाही, जेटीवर जा. उन्हात स्क्रीन दिसत नाही, ओल्या हाताला टच नीट लागत नाही, मग माणूस म्हणतो मला फोनचं काही कळत नाही, खरं तर बटणच बारीक असतं. मोठं करा, शब्द त्यांचे वापरा, चुकून दाबलं तर मागे येता आलं पाहिजे.

माणसं जवळ वाटावीत म्हणून आम्ही एकच बटण ठेवलं, 'पोचलो'. दाबलं की घरी आणि मुंबईला असलेल्या भावाला एकदम कळतं. कोणी बघितलं कोणी नाही ते दाखवत नाही, २०१४ ला व्हॉट्सॲपवर निळी टिक आल्यापासून किती घरांत 'बघून उत्तर दिलं नाहीस' चालू झालं ते आपण बघतोच.

'आज मन कसं आहे' असं विचारणार असाल तर उत्तर वाईट आलं की काय करायचं ते आधी ठरवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, २४ तास चालतो, तिथे लगेच फोन लागेल असं बटण द्या, आणि ते उत्तर सोसायटीतल्या कोणालाही दिसणार नाही याची सोय करा, गाव छोटं असतं.

ॲप किती मिनिटं वापरलं ते मोजत बसू नका. महिन्याने चार घरांत जाऊन ओटीवर बसा, चहा घ्या आणि विचारा, होडी गेल्यावर आता झोप लागते का.