मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी प्रोसेसर कूलर कसा निवडावा आणि बसवावा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. हवेवर चालणारा कुठलाही कूलर संगणकाच्या प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे सगळा हिशोब खोलीपासूनच सुरू होतो. २५ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर भर कामात ७० अंश दाखवत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तोच साधारण ८५ दाखवेल. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून एसी खोलीतल्या चाचण्यांचे आकडे पाहताना त्यात आपल्या उन्हाळ्याचे अंश मिळवा आणि मगच कूलर निवडा.

६५ वॅटच्या प्रोसेसरला चार हीटपाइप आणि १२० मिमी फॅन असलेला टॉवर कूलर सहसा पुरतो. हीटपाइप म्हणजे आत थोडंसं पाणी असलेली तांब्याची बंद नळी. आत दाब कमी असल्याने प्रोसेसरच्या उष्णतेने पाण्याची लगेच वाफ होते, ती वरच्या पत्र्यांपाशी थंड होऊन पुन्हा खाली झिरपते. फॅन त्या पत्र्यांमधली उष्णता बाहेर ढकलतो.

खरेदीआधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, तपासा. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटला कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी असतं, एलजीए १७०० ला ७८. जुना कूलर स्वस्तात मिळत असला तरी योग्य ब्रॅकेट (कूलर बोर्डला जोडायची पट्टी) सोबत नसेल तर घेऊ नका. टॉवर कूलर बऱ्याचदा १५५ मिमीहून उंच असतात. कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे ना, आणि फॅन रॅमला अडणार नाही ना, हेही पाहा.

आता जुना कूलर काढायचा. आधी संगणक दहा मिनिटं चालवा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ होते. मग बंद करून प्लगच काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. कूलर सरळ ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. एएमडीच्या एएम ४ सॉकेटमध्ये ओढलेल्या कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ब्रॅकेट बसवा. नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म आठवणीने काढा. ती राहिली तर महागातला कूलरही निकामी. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा. बोटाने पसरायची गरज नाही, दाबाने ती आपोआप पसरते. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे पिळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर तळ तिरका बसतो.

फॅनची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूकडे जायला हवी. त्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांना जोडा. सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, तापमान पाहा. आकडा सरसर चढू लागला तर लगेच बंद करून फिल्म, स्क्रू आणि वायर पुन्हा तपासा.

संगणक पाण्याच्या कूलरच्या झोताच्या थेट समोर ठेवू नका. ती दमट हवा आणि आपली धूळ मिळून पत्र्यांमध्ये चिकट थर बसतो. होळीच्या सुमारास, ऊन चढण्याआधीच, फॅन बोटाने धरून पत्रे ब्लोअरने साफ करा.