बंद टाकीचं गरम पाणी मंद येतंय? आधी थंड पाण्याची लाइन बघा

वर उघडा पाइप नसलेली, मेन लाइनच्या प्रेशरवर चालणारी बंद टाकी असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, जेवढं थंड पाणी आत शिरतं तेवढंच गरम बाहेर पडतं. म्हणून शॉवरला धार नाही म्हटल्यावर लगेच गरम पाण्याचे पाइप उखडायला घेऊ नका.

आधी मोजा. 10 लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ, बस्स. मेन लाइन घरात शिरते तिथला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडा, बादली 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 20 लिटर. मग बाथरूमचा गरम नळ तसाच मोजा. दोन्ही मंद असतील तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा, टाकीजवळ कितीही खटपट केलीत तरी फरक पडणार नाही. आणि सगळे नळ बंद असताना गेजवर दिसणाऱ्या प्रेशरवर विसंबू नका, एखादा नळ चालू करून काटा किती खाली येतो ते बघा.

थंड चांगलं आणि गरमच मंद असेल तर हीटर बंद, टाकीत थंड पाणी आणणारा कॉक (इनलेट) बंद, गरम नळ उघडून प्रेशर सोडा आणि टाकीकडे येणाऱ्या थंड लाइनवरच्या प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधली जाळी काढून धुवा. कधीकधी एवढ्यावरच काम होतं.

नसेल होत तर मेनपासून टाकीपर्यंत पाइप हाताने चाचपत जा. 22 एमएमच्या लाइनमध्ये कुणीतरी 15 एमएमचा तुकडा घुसवलेला असतो, नाहीतर स्क्रूने फिरवायचा छोटा व्हॉल्व्ह असतो ज्याचं आतलं भोक अगदी बारीक, तो काढून फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह (आतलं भोक पाइपाएवढंच असलेला) बसवा, आणि ओळीने लावलेल्या एल्बोंच्या जागी जमेल तिथे लांब वळणाचे बेंड घ्या.

टाकीच्या पुढे, म्हणजे गरम पाण्याच्या बाजूला मात्र जाड पाइप म्हणजे चांगला असं नाही. 22 एमएम तांब्याच्या 10 मीटर पाइपात सुमारे 3.2 लिटर पाणी मावतं, 15 एमएममध्ये 1.5 च्या आसपास, आणि गरम यायच्या आधी हे सगळं थंड झालेलं पाणी वाहून जातं. टब आणि शॉवरकडे जाड, बेसिनला बारीक. बाहेर पडणारा पाइप इन्सुलेशनमध्ये गुंडाळाच.

शॉवर मिक्सरमध्ये कधी चटका तर कधी गार होत असेल तर बहुतेक त्याचं थंड पाणी थेट मेनवरून घेतलेलं असतं, ते प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर पडल्यानंतरच्या लाइनवरून घ्या म्हणजे दोन्हीकडे सारखं प्रेशर.

आता जिथे हात लावायचा नाही ते. सेफ्टी व्हॉल्व्ह (प्रेशर फार वाढलं की पाणी बाहेर सोडणारा) आणि त्याचा बाहेर जाणारा पाइप. त्यावर कॉक नको, टोपण तर नकोच नको, पाइप धातूचा आणि सतत उतरता हवा, काही बदलायचं असेल तर या कामाचं ट्रेनिंग घेतलेला माणूसच बोलवा. 150 लिटर पाणी 10 वरून 60 अंशांवर गेलं की साधारण अडीच लिटर फुगतं, ते एक्स्पान्शन व्हेसलमध्ये, म्हणजे आत हवा भरलेल्या छोट्या टाकीत मावतं. दर वेळी तापताना सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर बहुतेक व्हेसलची हवा गेलेली असते, ती पाण्याचं प्रेशर पूर्ण सोडल्यावरच तपासायची आणि प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या सेटिंगइतकी भरायची.