वावरात राहायला येताय? आधी सावली करा

ठाणे सोडून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहायला आलो, त्याला आता नववं वर्ष लागलं. तीन एकर वावर, त्यात ट्रॉलीच्या चासीवर बांधून घेतलेली २० फुटी टिनाची खोली, एक विहीर आणि सोलर. विजेचा खांब बराच लांब आहे आणि तो जवळ यावा म्हणून मी अर्जही केलेला नाही. पुण्या-मुंबईकडची मंडळी अशा राहण्याची चौकशी करायला येतात ती बहुतेक डिसेंबरात. तूर शेंगांवर आलेली असते, कापूस फुटलेला असतो, सकाळी शेकोटीला बसावंसं वाटतं. त्या चार दिवसांवर जागेचा निर्णय घेऊ नका. मे महिन्यात या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी तीन वाजता त्या जागेवर उभे राहा आणि मग ठरवा.

माझी खोली फेब्रुवारीत आली. बनवणाऱ्याने भिंतीत जाड थर भरल्याचं सांगितलं होतं. पुढे खिडकीची चौकट काढली तेव्हा आत बोटभरसुद्धा थर्माकोल नव्हता. एप्रिलच्या मध्यावर दुपारी आत थांबणं अशक्य झालं. ऊन उतरतानाही भिंतीला हात लावला की चटका बसायचा. शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी आत आले आणि म्हणाले, "भाऊ, टीन हाये हे. पैले मांडव टाका, मंग खोलीत राहा."

त्यांनीच टाकून दिला. खोलीच्या चहूबाजूंनी बल्ल्या रोवल्या, छपरापासून दोन फूट वर बांबूंचा सांगाडा बांधला, त्यावर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर आणि वर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या. मधल्या दोन फुटांतून वारा खेळतो, मांडवाची धग खाली टिनापर्यंत पोचत नाही. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचाच कुड उभा केला आणि शेणामातीने लिंपला. त्या दिवसापासून ती खोली राहण्यासारखी झाली. तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर फर्निचर, टाइल्स, मोठी बॅटरी सगळं मागे ठेवा, पण मांडव आधी करा. खोली उभी करताना लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडेल. दार पश्चिमेला नको. मांडव वाळका असतो, म्हणून चूल लांब हवी आणि खोलीभोवतीचं गवत होळीच्या आधी साफ व्हायला हवं.

वर्ध्याला आलात तर सेवाग्रामला बापू कुटीत थोडा वेळ बसा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली उतरलेले ओटीचे छप्पर. उन्हाळ्यातल्या दुपारी त्या कुटीत बसून बाहेर आलात की मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. चाकांवर उभी खोली पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूला कलते, दार लागेनासं होतं. चाकांवर भार ठेवू नका. मातीचा वरचा थर काढून दोन फूट मुरूम भरा, दाबून घ्या, त्यावर दगडी पाये रचून खोली जॅकने उचलून बसवा. जागा उंचवट्यावरची घ्या. नाला उन्हाळ्यात अगदी निरुपद्रवी दिसतो, पण काठच्या बाभळींकडे बघा. फांद्यांत अडकलेला काडीकचरा जितक्या उंचीवर, तितकं पाणी तिथे येऊन गेलेलं असतं.

मृग लागला की पांदण, म्हणजे वावरात यायची कच्ची वाट, बंद झाली असं समजा. ट्रॅक्टर फसतो, मोटरसायकल तर निघतच नाही. पंधरा दिवसांचा किराणा, भरलेला सिलिंडर, औषधं आधी आणून ठेवा आणि गाडी डांबरी रस्त्यावर कुणाच्या तरी अंगणात लावा.

पाण्याचं काय करायचं ते गाव बघून ठरवा. विहिरीला मे अखेरीस किती परस, म्हणजे किती पुरुष खोल, पाणी राहतं, हे जुन्या माणसाला विचारा. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे बोअर करून खारं पाणीच लागेल आणि साधा फिल्टर मीठ काढत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे, ते चवीला कळत नाही. पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिऊ नका. पावसाचं पाणी जरूर साठवा. २० फुटी खोलीचं छप्पर साधारण १५ चौरस मीटरचं असतं; ९०० मिलिमीटर पाऊस झाला तर १३ हजार लिटरच्या आसपास पाणी त्यावर पडतं. माझा मांडव जूनच्या आधी उतरतो, त्यामुळे छप्पर मोकळं मिळतं. मात्र शेजारी कपाशीवर फवारणी चालू असेल तेव्हा पन्हळीचा पाइप टाकीपासून काढून ठेवा, खिडक्या लावून घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. फवारा हलक्यात घेऊ नका.

सोलरचा हिशेब साधा आहे. ३३० वॉटचे दोन पॅनल स्वच्छ दिवसाला अडीच युनिटच्या आसपास देतात. १५० वॉटचा कूलर दहा तास चालला की त्यातले दीड युनिट गेले. श्रावणात आभाळ भरलेलं असताना तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ; तेव्हा दिवे, मोबाइल आणि एक पंखा एवढ्यावर राहायची तयारी ठेवा. पॅनल तापला की वीज कमी देतो, म्हणून तो टिनाला चिकटवू नका. बॅटरी सावलीत, हवेशीर ठेवा आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्याला तिचं पाणी बघा.

रात्री टॉर्च हातात आणि पायात बूट असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. घोणस पऱ्हाटीच्या ढिगाशी वेटोळं घालून असते. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. सर्पदंशावरचं इंजेक्शन कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आल्या आठवड्यात विचारून घ्या. १०८ ची गाडी पांदणीत येत नाही, तेव्हा रस्त्यापर्यंत कोण नेईल हेही त्याच दिवशी ठरवा. आणि रात्री दुसऱ्याच्या वावरातून आडवाटेने जाऊ नका. डुकरांसाठी, रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) काही जण कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. असं करणं गुन्हा आहे, तरी त्याने माणसं मेली आहेत.

कागदाचं थोडक्यात. शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी असावं लागतं. माझं नाव आजोबांच्या सातबाऱ्यावर लागलेलं होतं म्हणून जमलं. सातबारा वर्ग एकचा की दोनचा (दोनची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते) ते बघा, आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मोजणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. खोलीला चाकं आहेत म्हणून कुणाला विचारायचं कारण नाही, असं गृहीत धरू नका. ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये लेखी विचारा.

तारकुंपण घालण्याआधी धुऱ्यावरच्या चारी शेजाऱ्यांकडे जाऊन या. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, येणाऱ्या पोरांना मोबाइल आणि टॉर्च चार्ज करायला जागा हवी असते. मी मांडवाच्या खांबावर चार प्लगांचा बोर्ड लावलाय. गेल्या ऑगस्टात रात्री वादळात मांडवाचा उरलेला सांगाडा खोलीवर आडवा झाला, तेव्हा माझी हाक ऐकून हीच पोरं कमरेइतक्या चिखलातून दोर घेऊन आली होती.

मे महिन्यात याल तेव्हा गाडी पांदणीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली लावा. पुढे दहा मिनिटं चालत. डोक्याला दुपट्टा बांधून या, मांडवाखाली एक जास्तीची बाज आहे.